धोंडीराम पैलवानाची ऊब

मंडळी, ऐका. जरा सरकून बसा, पुढं या. आज थंडी मोठी आहे, मला इथून दिसतंय ना — मागच्या रांगेत नुसती मफलरं बसलीत, माणूस आत आहे की नाही कळत नाही. आणि ते खांबाजवळचे काका, तुम्ही कीर्तनाला आलात की गर्दीत ऊब मिळते म्हणून आलात? काही हरकत नाही. ऊब मिळाली तर घ्या. आजचं आख्यान उबेचंच आहे.

पण आधी एक प्रश्न. उत्तर लगेच देऊ नका, मनात ठेवा. एखाद्याजवळ देण्यासारखं भरपूर असतं. समोरच्याला गरज असते. दिलं तर ह्याचं काही कमी होणार नसतं. तरी हा माणूस मागं सरतो. का सरतो? तुम्ही म्हणाल, कंजूष असेल. म्हणाल, मन लहान असेल. असेलही. पण दरवेळी तेच कारण असतं का?

आता ऐका धोंडीराम गाजऱ्याची गोष्ट.

हिवरगव्हाण म्हणून गाव. द्राक्षांच्या बागांचा मुलूख. तिकडं थंडी पडते म्हणजे कशी — सकाळी द्राक्षाच्या पानावरचं दव कडक होतं, बोटानं खरवडावं तर बर्फाचा चुरा हातात येतो. लोक पहाटे उठून बागेत जागोजागी ओला पालापाचोळा पेटवतात, धूर करतात, की घड तरी वाचावेत. ह्या गावात धोंडीराम राहायचा. वय चौसष्ट. एके काळी जत्रेजत्रेतल्या कुस्त्या मारलेला गडी. छाती अशी रुंद, की दारातून आत यायचा तर तिरका होऊन यायचा. मिशी पांढरी झाली, पण सवय सुटली नाही — पौष महिन्यात, विहिरीच्या गार पाण्यानं, उघड्यावर आंघोळ. अंगातून वाफा निघायच्या. शेजारचे स्वेटर घालून बघत उभे राहायचे.

घरात बायको अनसूयाबाई, मुलगा कैलास, सून मोनाली. कैलास द्राक्षाच्या पॅकिंगच्या शेडमध्ये कामाला. आणि त्या वर्षी घरात एक नवं माणूस आलं. नात. पण आली ती घाईनं आली. साडेसात महिन्यांतच. वजन किती? दीड किलोच्या आत. वीस दिवस तालुक्याच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत राहिली. घरी सोडली तेव्हा पावणेदोन किलोची. मंडळी, पावणेदोन किलो म्हणजे केवढं — बाजारातून आपण कोबीचे दोन गड्डे आणतो, तेवढं. त्याला नाक, डोळे, बोटं, सगळं. आणि त्यात जीव.

सोडताना तिथल्या सिस्टर म्हणाल्या, "हिला औषध थोडं आहे. हिला ऊब लागेल. गार पडू द्यायची नाही. आईनं उघड्या छातीशी धरून ठेवायची, जितका वेळ जमेल तितका वेळ."

आणि नेमकी त्याच आठवड्यात थंडीची लाट. पारा चारवर.

कैलास बापाला म्हणाला, "दादा, मी शहरातून हीटर आणतो."

धोंडीराम हसला. "हीटर कशाला? घर गरम ठेवायला पैसे लागतात होय? बघ मी काय करतो."

आणि खरंच केलं त्यानं. हे लक्ष देऊन ऐका, उद्या तुम्हाला उपयोगी पडेल, आणि मी ह्याचं काही घेणार नाही. आधी मधल्या खोलीच्या कौलांच्या फटी शोधल्या, चिंध्या कोंबून बंद केल्या. दाराखालची फट — तिथं जुन्या धोतराची वळकटी. उत्तरेच्या खिडकीला आतून गोणपाट ठोकलं. दक्षिणेची खिडकी मात्र सकाळी नऊला उघडायची, ऊन आत घ्यायचं, आणि दुपारी साडेतीनला, ऊन उतरायच्या आत, बंद. ऊन घरात कोंडून ठेवायचं. गोधड्या दुपारी अंगणात टाकायच्या आणि तापलेल्या असतानाच घडी घालून आत आणायच्या. सुनेच्या गादीखाली गव्हाच्या भुशाची पोती पसरली, की जमिनीचा गारवा वर चढू नये. स्वयंपाक झाला की चुलीतले निखारे विझू द्यायचे नाहीत, सैपाकघराचं धुराडं मोकळं, मधलं दार उघडं ठेवायचं, चुलीची धग आत येऊ द्यायची. चुलीशेजारी विटा ठेवायच्या, तापल्या की फडक्यात गुंडाळून पायाशी घ्यायच्या.

आणि झाली हो खोली उबदार. मोनाली म्हणाली, "आबा, आत आलं की बरं वाटतंय."

झालं. पैलवानाची छाती आणखी दोन इंच फुगली. पारावर जाऊन सांगायला लागला, "लोक हजारो रुपये घालवतात. मी एक रुपया घातला नाही." आपल्यालाही अशी सवय असते बरं का. एखादं काम जमलं की ते केल्यापेक्षा सांगण्यात जास्त वेळ जातो.

पण एक गोष्ट ध्यानात घ्या. ह्या माणसानं खोलीसाठी सगळं केलं — आणि नातीला एकदाही हातात घेतलं नव्हतं. खोलीच्या उंबऱ्यावर उभा राहायचा. तिथूनच विचारायचा, "काय म्हणतीय?" अनसूयाबाई म्हणायची, "अहो, आत या, बघा तरी." हा म्हणायचा, "पोरं सांभाळणं बायकांचं काम." आणि मागं फिरायचा.

कैलासलाही त्यानं कधी घेतलेलं कुणाला आठवत नव्हतं. शाळेला सोडलं, आजारी पडला तर खांद्यावर घेऊन पाच मैल चालत दवाखान्यात नेलं — पण तो तेव्हा सात वर्षांचा होता. तान्हा असताना नाही. गाव म्हणायचं, पैलवान आहे, मन कडक आहे. गावाला वाटतं ते सगळं खरं असतं का? थांबा, येतो त्यावर.

अशात मोनालीच्या छातीत गाठ झाली. दूध आत साचलं, ठणका लागला, अंगात ताप भरला. हुडहुडी अशी की दात वाजायला लागले. पोरीला छातीशी धरायची तर कळ मस्तकात जायची. अनसूयाबाईनं नातीला घेतलं, पण त्याच वेळी तिला खोकला. ढास लागली की थांबायचं नाही. मग पोर गोधडीत गुंडाळून बाजूला ठेवली.

पहाटे धोंडीरामाला वाटलं, खोली आणखी गरम करावी. त्यानं काय केलं — शेगडी पेटवली. चांगले लाल निखारे केले, धूर जाऊ दिला, आणि शेगडी उचलून खोलीत आणून ठेवली. दार लावलं, खिडकी बंद. फटी तर आधीच बुजवलेल्या. मनात म्हणाला, आता बघू थंडी कुठून येते ते.

सकाळी आठची वेळ. गावातलं आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताई, मंदाताई नाव त्यांचं, पोरीचं वजन बघायला आल्या. दार उघडलं आणि पिशवी तिथंच टाकली.

"बाबा, ती शेगडी आधी बाहेर काढा. खिडकी उघडा."

"अगं ताई, धूर कुठं आहे?"

"धूर दिसत नाही, पण ह्यातून जी हवा निघते तिला रंग नाही, वास नाही. बंद खोलीत माणसं झोपल्या जागी जातात हो. उचला आधी."

मोनाली भिंतीला टेकून बसलेली, म्हणाली, "ताई, डोकं फार जड झालंय. मला वाटलं, तापानं."

धोंडीरामानं शेगडी उचलली. अंगणात नेऊन ठेवली. आत आला तेव्हा तोंड उतरलेलं होतं. आयुष्यभर ज्याला कुणी चीत केलं नाही, तो माणूस एका शेगडीपाशी हरला होता. आणि हरला तो कुठं? जिथं त्याला सगळ्यात जास्त कळत होतं तिथं.

ऐकताय ना? घरी जाऊन फटी बुजवा, जरूर बुजवा. पण झोपायच्या खोलीत शेगडी नको. एवढं आज इथून नेलंत तरी माझं कीर्तन कारणी लागलं.

आता मंदाताईंनी पोरीला बघितलं. गोधडी बाजूला केली. हाताच्या पालथ्या बाजूनं पाय पाहिले. मग पोट पाहिलं. आणि त्यांचा चेहरा बदलला.

"पाय गार आहेत. पोटही गार लागतंय. दूध कधी घेतलं हिनं?"

अनसूयाबाई म्हणाली, "पहाटेपासून ओढत नाही. चमच्यानं दिलं तर ओठावरून गळतंय."

"रडली?"

"नाही. गप आहे."

मंडळी, तान्हं पोर रडतं तेव्हा आपण वैतागतो. ज्या घरात ते रडायचं थांबतं ना, त्या घराला विचारा.

मंदाताईंनी दवाखान्याच्या सिस्टरना फोन लावला. बोलणं झालं. मोनालीला दवाखान्यात न्यायलाच हवं होतं, गाठ कापून पू काढावा लागणार. गावात त्या वेळी गाडी होती एकच — भाजीचा पिकअप. मागं उघडा, पुढं ड्रायव्हरच्या खिडकीला काच नाही. तालुक्यापर्यंत पंचवीस मैलांचा रस्ता आणि समोरून गार वारा. त्या वाऱ्यात हे पावणेदोन किलोचं पोर न्यायचं कसं? बंद गाडी मागवली होती, ती दुसऱ्या गावाला गेलेली, यायला दोन तास.

मंदाताई म्हणाल्या, "कैलासभाऊ, तुम्ही मोनालीला पुढं ड्रायव्हरशेजारी बसवून न्या. वाटीत दूध काढून ठेवू द्या तिला. पोरीला इथंच आधी गरम करायचं. सिस्टर म्हणाल्यात, दोन तास बघा. पाय गरम झाले, दूध घ्यायला लागली, तर घरीच राहू द्या. नाही झाले, तर बंद गाडी येईल तिनं घेऊन निघायचं."

मोनालीनं पोरीकडं बघितलं. एका हातानं पदर सावरला आणि निघाली.

घरात राहिली कोण? खोकणारी आजी. मंदाताई. आणि उंबऱ्यावर उभा धोंडीराम.

तो म्हणाला, "वीट तापवू का? दोन विटा तापवतो. चूल पेटलेली आहे."

"वीट नको. चटका बसेल. हिची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी आहे. हिला माणसाचं अंग पाहिजे. उघडं अंग." मंदाताईंनी त्याच्याकडं बघितलं. "बाबा, सदरा काढा."

"कोण, मी?"

"मग दुसरं कोण आहे इथं?"

"ताई, तुम्ही घ्या ना."

"मी घेतलं असतं. पण मला पुढं दोन घरी जायचंय, एक बाळंतीण अडलीय. आणि बाबा, तुम्ही गार पाण्यानं आंघोळ केलीत की अंगातून वाफा निघतात म्हणे. अख्खं गाव सांगतं. एवढी धग ह्या घरात दुसऱ्या कुणाच्या अंगात आहे?"

आता बघा मंडळी. ज्याच्याजवळ सगळ्यात जास्त आहे, त्याच्याकडंच मागितलं. आणि हा मागं सरला. भिंतीला जाऊन टेकला. कपाळावर घाम. चार अंशाच्या थंडीत घाम.

अनसूयाबाई कळवळून म्हणाली, "अहो, घ्या ना. पोर जाईल."

आणि तेव्हा तो बोलला. हळू बोलला. "माझ्या हातात मोडेल ती."

"काय?"

"कैलास दोन महिन्यांचा होता. मी उचलला होता त्याला, एकदाच. माझी आई म्हणाली, ठेव खाली, तुझ्या ह्या हातात पाखरू जगायचं नाही. सगळे हसले. मीही हसलो." त्यानं आपल्या हातांकडं बघितलं. "तेव्हापासून नाही घेतलं कुणा तान्ह्याला."

तीस वर्षं, मंडळी. थट्टेत बोललेला एक शब्द. बोलणारी आई जाऊन वीस वर्षं झाली, हसणारेही विसरले. आणि इकडं हा माणूस — आखाडे गाजवणारा — आपले दोन हात पाठीमागं लपवून तीस वर्षं उंबऱ्यावर उभा. लोक म्हणाले, मन कडक आहे. मन कडक नव्हतं हो. तो भ्यायला होता.

मंदाताई पुढं आल्या. म्हणाल्या, "बाबा, मी तुमचे हात मागत नाही. छाती मागतेय. बांधून मी देते. तुम्ही फक्त बसून राहा आणि श्वास घ्या. एवढं तर येतं ना?"

धोंडीराम उठला. तोंडातली तंबाखू अंगणात जाऊन थुंकला, चूळ भरली, हात साबणानं कोपरापर्यंत धुतले, छाती पुसली. सदरा काढून बाजेवर भिंतीला टेकून बसला. मंदाताईंनी पोरीचे कपडे काढले, टोपी आणि पायमोजे ठेवले, लंगोट ठेवला, आणि तिला त्याच्या छातीवर उभी धरली. डोकं एका बाजूला, नाक मोकळं. म्हणाल्या, "बांधायला मऊ, लांब कापड हवं."

अनसूयाबाई पेटीकडं गेली. मग थबकली, नवऱ्याकडं बघितलं. पेटीत त्याचा फेटा होता, मोठ्या कुस्तीत मिळालेला, केशरी. तिला सुद्धा तो हात लावू देत नसे.

तो म्हणाला, "बघत काय बसलीस? आण."

पैलवानाच्या अंगाभोवती फेटा बांधला गेला, पोर आत. वरून गोधडी. आणि सुरू झालं बसणं.

मंडळी, कुस्ती किती वेळ चालते? दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. हा जन्मभर तेवढंच लढला होता. इथं लढायचं म्हणजे हलायचं नाही. पहिली पंधरा मिनिटं तर त्यानं श्वाससुद्धा चोरून घेतला. अनसूयाबाई म्हणाली, "अहो, नीट श्वास घ्या, तिला पाळण्यासारखं वाटेल." मग त्यानं श्वास सोडला. छाती वर गेली, खाली आली. पोर वर गेली, खाली आली.

त्याला काय जाणवलं सांगू? गारवा. नुसता गारवा. छातीवर कुणी ओल्या मातीचा गोळा ठेवावा तसा. त्याला वाटलं, ही माझी ऊब घेतच नाही. अर्धा तास गेला. मंदाताई म्हणाल्या, "मी अडलेल्या बाईकडं जाऊन येते. पाय बघत राहा." त्या गेल्या. घरात दोघं म्हातारी आणि एक मुकं पोर.

तो पुटपुटायला लागला. मंत्र नव्हे, स्तोत्र नव्हे. त्याला पाठ कुठं होतं? तो तिला सांगत होता, "बाई, मला काही येत नाही. पण मी हलणार नाही इथून. तू ठरव." हेच. पुन्हा पुन्हा हेच. आता तुम्ही मला विचाराल, बुवा, ह्याला भक्ती म्हणायचं का? मी म्हणतो, हातात काही नसताना जागेवरून न हलणं, ह्याला नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

पाऊण तास झाला. एक तास झाला. आणि त्याच्या छातीवर, डाव्या बाजूला, काहीतरी सरकलं. उंदराच्या पिलानं नख लावावं तेवढं. पोरीनं बोटं उघडली होती, आणि मिटली होती. त्याच्या छातीवरचे पांढरे केस त्या मुठीत.

"अगं," तो बायकोला म्हणाला, "हिचा पाय बघ. मला हात घालायची भीती वाटते."

ती आली. खोकला दाबून, तोंडाला पदर लावून, फेट्याच्या आत दोन बोटं घातली. आणि तशीच उभी राहिली.

"काय झालं? बोल ना."

"तुम्हीच बघा."

त्यानं आपला तो हात, तीस वर्षं लपवलेला, गोधडीच्या आत घातला. पायमोजा बाजूला केला. अंगठ्याएवढं पाऊल. ऊन ऊन लागत होतं.

दीड तासानं मंदाताई परत आल्या. मोनालीनं काढून ठेवलेलं दूध गरम पाण्यात वाटी ठेवून कोमट केलं होतं. चमचा ओठाला लावला. पहिला घोट गळला. दुसरा आत गेला. तिसरा गेला. सहा चमचे घेतले, आणि मग पोर रडली. बारीक, मांजराच्या पिलासारखी, पण रडली. मंदाताईंनी सिस्टरना फोन केला, म्हणाल्या, "घेतलं दूध. पाय गरम आहेत." आणि खाली बसून त्यांनी पहिल्यांदा पाणी मागितलं.

दिवस मावळायच्या सुमाराला कैलास परतला. मोनालीची गाठ कापली होती, ताप उतरत होता, ती शेजारणीच्या आधारानं मागून चालत येत होती. कैलासनं दार ढकललं आणि दारातच उभा राहिला. समोर बाप. उघडा. केशरी फेटा अंगाला बांधलेला, आणि त्यातून एक इवलीशी टोपी बाहेर आलेली.

धोंडीराम म्हणाला, "दार लाव आधी. गार वारं येतंय."

कैलासनं दार लावलं. बाजेच्या कडेला बसला. मग बाप म्हणाला, "तुला असं कधी घेतलं नाही मी."

"ठाऊक आहे."

"तुला काय वाटायचं?"

कैलास खाली बघत म्हणाला, "वाटायचं, दादांना मी आवडत नाही."

धोंडीराम म्हणाला, "भ्यायचो रे मी. तू एवढासा होतास."

कैलासनं बापाच्या गुडघ्यावर हात ठेवला. एवढंच. त्या घरात तेवढं पुरलं.

पुढं आठवडाभर थंडी होती. पण आता पाळ्या लागल्या. मोनालीला आराम पडला तशी ती घेऊ लागली, पॅकिंगहून आला की कैलास सदरा काढून बसू लागला, आणि दुपारची पाळी पैलवानाची. ती त्यानं कुणाला दिली नाही. महिन्याभरानं मंदाताईंनी काटा लावला — अडीच किलो. पुढच्या हिवाळ्यात शेजारच्या वस्तीवर एक असंच अपुऱ्या दिवसांचं पोर आलं, तर हा स्वतः चालत गेला आणि त्या पोराच्या बापाला म्हणाला, "सदरा काढ. काही मोडत नाही. मी करून बघितलंय."

तर मंडळी, प्रश्न काय होता? देण्यासारखं जवळ असून माणूस मागं का सरतो? दरवेळी कंजूषपणानं नाही हो. भीतीनं सरतो. लाजेनं सरतो. आपल्याला जमायचं नाही, लोक हसतील, आपल्या हातून बिघडेल — ह्या विचारानं माणूस जन्मभर उंबऱ्यावर उभा राहतो. धोंडीरामाला कौलाची फट दिसली, दाराखालची फट दिसली, सगळ्या बुजवल्या. पण स्वतःत आणि लेकरात जी फट होती, ती बुजवायला फुकटचं जे लागत होतं, ते त्याच्या छातीत भरलेलं होतं. देवानं आधीच देऊन ठेवलेलं.

आता तुमच्याकडं येतो. सुटणार नाही तुम्ही. तुमच्यातल्या किती जणांच्या घरी म्हातारे वडील बाहेरच्या पडवीत झोपतात? का, तर त्यांना खोकला आहे, त्यांना बिडी लागते, त्यांनाच बाहेर आवडतं. आवडतं म्हणे. ह्या थंडीत कुणाला बाहेर आवडतं? तुम्ही आत बोलवत नाही, ते विचारत नाहीत. तुम्हाला लाज वाटते, त्यांना मान आडवा येतो. पांघरूण एकावर एक टाकता, पण मधलं दार बंदच. आज घरी गेलात की काही विकत आणू नका. दोघांनी दोन बाजूंनी धरा आणि वडिलांची बाज आत घ्या. काय बोलायचं सुचलं नाही तर बोलू नका. शेजारी बसा. सांगून ठेवतो, काही मोडत नाही.

चला, आता टाळ घ्या हातात. बोटं गारठली असतील तर आधी शेजाऱ्याच्या हातावर चोळा, मग नाम घ्या. त्याला घाई नाही. राम कृष्ण हरी.